सेल मारण्याआधी : गाडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचे मोसम ठरलेले आहेत. जूनच्या पहिल्या पावसात काचेवरच्या धुक्याचे, जुलैत पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांचे, दसऱ्याच्या तोंडावर नव्या गाडीचे, आणि घरात कुणी जुनी गाडी विकली की चलनाचे. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून इथे क्रमांकाने लिहून ठेवतो आहे. मी मेकॅनिक नाही. साताऱ्यातल्या दोन गॅरेजांच्या बाकड्यावर वीसेक वर्षं चहा प्यायलेला गाडीमालक आहे. कायद्याचे मुद्दे महाराष्ट्रातल्या खासगी चारचाकीपुरते धरा.

१. दसऱ्याला नवी गाडी घरी आणायची आहे. ताब्यात घेताना नेमकं काय बघू?

पूजेच्या दिवशी काहीच बघून होत नाही. सगळं घर आलेलं असतं, पेढे वाटायचे असतात आणि तुमच्यामागे आणखी गाड्या रांगेत असतात. म्हणून दोन दिवस आधी, दिवसाउजेडी, एकट्याने जाऊन गाडी बघून या. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी स्वतः ताडा. उत्पादनाचा महिना विचारा. स्टेपनीसकट सगळ्या टायरांवरची तारीख वाचा (ती कशी वाचायची ते प्र. २ मध्ये). काचा, दिवे, वायपर, एसी चालवून बघा. जॅक, पाना आणि टोचनाचा (गाडी ओढून नेण्याचा) हूक डिकीत आहेत का तेही बघा, कारण ते नाहीत हे एरवी रात्री अकरा वाजता खंबाटकीत कळतं.

हाराबद्दल एक सांगतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या जाळीमागे किंवा बोधचिन्हामागे रडार असतो. झेंडूचा जाड हार नेमका त्याच्या डोळ्यावर येतो. फोटो झाला की हार काढा. आणि चाकाखालच्या लिंबांवरून गाडी कोण पुढे घेणार हे आधी ठरवा. नवा क्लच, बावरलेला पाय आणि समोर शोरूमचं काचेचं दार, असा प्रसंग मी एकदा पाहिला आहे. लिंबू तेवढं वाचलं.

२. टायरमध्ये हवा किती ठेवायची? पंपवाला ३५ म्हणतो, शेजारी ३० म्हणतात.

दोघांनाही विचारू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर (काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणामागे) स्टिकर असतं, त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे असतात. कमी माणसं आणि पूर्ण भार यांचे आकडे वेगळे असतात, तेही वाचा. हवा टायर थंड असताना तपासायची. सातारा ते पुणे जाऊन लगेच मोजली तर आकडा चढलेलाच दिसणार, तेव्हा हवा सोडायची नाही.

नायट्रोजन चांगला आहे, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे देऊन नायट्रोजन भरायचा आणि सहा महिने बघायचंच नाही, यापेक्षा फुकटची हवा दर पंधरवड्याला तपासलेली बरी.

टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेच बाद. खाचा शाबूत असल्या तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं, कडेला बारीक भेगा दिसतात, मग ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं.

३. कंपनी २२ चं ॲव्हरेज सांगते, मला १६ मिळतं. गाडीत दोष आहे का?

बहुधा नाही. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीतला असतो, तिथे राजवाडा चौकातली गर्दी नसते. आधी नीट मोजा. नोझल आपोआप तुटेपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, चारेकशे किलोमीटर चालवा, पुन्हा तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. डॅशबोर्डवरचा आकडा अनेकदा मालकाला खूश करणारा असतो. अचानक दोन-तीनने घट झाली असेल तर हवा, एअर फिल्टर आणि चिकटणारे ब्रेक या क्रमाने बघा.

४. ई२० पेट्रोलने इंजिन खराब होतं का?

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं हे गणितानेच ठरलेलं आहे. सरकारच्याच २०२१ च्या आराखड्यात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरलेली होती. इंजिन ई२० साठी जुळवलेलं असेल तर ती घट १ ते २ टक्क्यांवर येते.

एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांतले रबरी पाइप, सील वगैरे भाग ई२० सोसतील असे आहेत. त्याआधीची गाडी असेल तर मालकाच्या पुस्तिकेत आणि झाकणावर काय लिहिलं आहे ते बघा, आणि सर्व्हिसिंगला इंधनाचे पाइप खास दाखवा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. त्यामुळे पावसाळाभर गाडी पाव टाकीवर उभी ठेवू नका. आपल्याकडच्या उसाला भाव मिळतो म्हणून आनंद मानायचा की ॲव्हरेज घटलं म्हणून रडायचं, हा प्रश्न साताऱ्यात एकाच घरात दोन खोल्यांत वेगवेगळा सुटतो.

५. डॅशबोर्डवर दिवा लागला आहे. गाडी चालवू की थांबवू?

रंग बघा. लाल म्हणजे सुरक्षित जागा दिसताच थांबा. पिवळा म्हणजे जपून गॅरेज गाठा.

तेलाच्या बुधलीचा लाल दिवा सगळ्यांत वाईट. ऑइलचा दाब गेलेला असतो, आणि पुढचा पेट्रोलपंप दोनच किलोमीटरवर आहे म्हणून नेलेली गाडी तिथे इंजिन आवळूनच पोहोचते. थर्मामीटरच्या लाल दिव्यासाठी प्र. १० बघा. बॅटरीचा दिवा चालत्या गाडीत लागला तर चार्जिंग बंद आहे. एसी, म्युझिक बंद करून जवळचं गॅरेज गाठा, मध्येच इंजिन बंद करू नका. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत स्कॅन करून घ्या. तोच लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग मारत (झटके देत) असेल तर रेटू नका, सायलेन्सरच्या वाटेवरचा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

बीएस ६ (म्हणजे नव्या प्रदूषण निकषांच्या) डिझेलवाल्यांचा वेगळा त्रास म्हणजे डीपीएफचा दिवा. ही काजळीची गाळणी आहे. रोज तीन किलोमीटरवर शाळा आणि मंडई एवढंच चालवलं तर ती तापत नाही आणि काजळी जळत नाही. दिवा लागल्यावर महामार्गावर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगात, जरा खालच्या गियरमध्ये चालवली की बहुतेक वेळा तो विझतो. रोजचं चालवणं एवढंच असेल तर डिझेल गाडी घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत.

६. सकाळी सेल मारला की नुसतं टक-टक होतं. काय करू?

बहुधा बॅटरी उतरली आहे. पुन्हा पुन्हा सेल मारून उरलेलाही जीव घालवू नका. आधी टर्मिनल बघा. पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर गरम पाण्याने धुऊन घट्ट करा, कधी कधी तेवढ्यात काम होतं. मल्टिमीटर असेल तर निवांत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत आणि इंजिन चालू असताना साधारण १३.७ ते १४.५. चालू इंजिनवरही १२ च दिसले तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा, नवी बॅटरी घेऊनही उपयोग नाही. आपल्याकडच्या उन्हात बॅटरी तीन-चार वर्षं टिकली की तिने आपलं काम केलं असं समजा.

दुसऱ्या गाडीवरून केबल जोडताना क्रम असा. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळी चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रम. धक्का स्टार्ट फक्त साध्या गियरच्या गाडीला, ऑटोमॅटिकला नाही.

चावीतला सेल संपला असेल तर घाबरू नका. चावीच्या पोटात लोखंडी किल्ली असते, तिने दार उघडा. मग स्टार्टच्या बटणाला चावीच टेकवून दाबा, बहुतेक गाड्या सुरू होतात.

७. गाडी महिनाभर उभीच असते. आठवड्यातून पाच मिनिटं सुरू ठेवली तर पुरे ना?

नाही, उलट तोटा. सेल मारताना गेलेली वीज पाच मिनिटांत भरून निघत नाही आणि इंजिन गरम न झाल्याने आतली वाफ ऑइलमध्येच राहते. आठवड्यातून वीस मिनिटं चालवून आणा. ते जमणार नसेल तर बॅटरीची उणे वायर काढून ठेवा. सपाट जागी हँडब्रेक न ओढता गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा, म्हणजे पावसाळ्यात ब्रेक चिकटत नाहीत.

उभ्या गाडीचा खरा शत्रू उंदीर. वायरी कुरतडतो आणि बिल हजारांत जातं. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फवारे, सगळं लोक वापरतात, माझा कशावरच पूर्ण विश्वास बसलेला नाही. गाडीत शेंगदाण्याचं एक टरफलही न ठेवणं आणि रोज जागा बदलणं, हे मात्र लागू पडतं. पावसाळ्यात बॉनेटवर थाप मारून मगच गाडी सुरू करा. आत मांजर झोपलेलं असू शकतं.

८. क्लच ४० हजारांतच गेला. कंपनीचा दोष ना?

तुमचा डावा पाय कुठे असतो ते आधी सांगा. क्लचवर नुसता टेकलेला पायही प्लेट घासत राहतो. चढावर हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणं, ही दुसरी सवय. नीट वापरलेला क्लच लाखभर किलोमीटर सहज जातो. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं होऊ लागलं की प्लेट संपली.

९. घाट उतरताना ब्रेकचा वास येतो. गाडी न्यूट्रलवर सोडली तर डिझेल वाचतं ना?

वाचत नाही आणि जीव जाऊ शकतो. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गियरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधनपुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळत राहतं. म्हणजे जुन्या ड्रायव्हर मंडळींचा हा सल्ला बचतीच्या हिशेबानेही खोटा.

ज्या गियरमध्ये घाट चढला असता, त्याच गियरमध्ये उतरायचा. आंबेनळी घाटाचं उदाहरण घ्या. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आणि पोलादपूर जवळजवळ कोकणच्या पातळीला. एवढी उंची जर नुसत्या ब्रेकने उतरवली तर सगळी ऊर्जा पॅड आणि डिस्कमध्ये उष्णता होऊन साठते. आधी वास येतो, मग ब्रेक कमी लागतात. ब्रेकचं तेल जुनं असेल तर त्यात शिरलेलं पाणी उकळून वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून ते तेल दर दोन वर्षांनी बदलायचं. ब्रेकवर सतत पाय दाबून ठेवण्यापेक्षा वळणाआधी एकदा ठोस दाबा आणि सोडा. वास आलाच तर मोकळ्या जागी थांबा आणि अर्धा तास चहा प्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

ऑटोमॅटिकवाल्यांचा ठरलेला प्रश्न येतो की आमच्याकडे गियरच कुठे आहेत. आहेत. ‘एल’, ‘२’, किंवा अधिक-उणे चिन्हांची जागा, नाहीतर स्टिअरिंगमागचे पॅडल. पुस्तिकेत बघून सपाट रस्त्यावर एकदा वापरून ठेवा, आंबेनळीच्या पहिल्या वळणावर पुस्तिका उघडू नका. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. नियमही तोच आहे आणि कारणही सरळ आहे, चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं.

१०. पसरणी घाटात टेंपरेचरचा काटा लालवर गेला. बंद करून पाणी घातलं, बरोबर केलं का?

थांबलात ते बरोबर, झाकण लगेच उघडलंत ते चूक. गरम कूलंट दाबाखाली असतं आणि झाकण सैल होताच तोंडावर उडतं. काटा चढताना दिसला की आधी एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा. माणसं घामाघूम होतील, पण इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते. तरी उतरला नाही तर बाजूला घेऊन बंद करा. अर्धा-पाऊण तास थांबा, मग पुढच्या पांढऱ्या टाकीची पातळी बघा. ‘थंड झाली असेल, सेल मारून बघू’ असं दर पाच मिनिटांनी करू नका. हेड गॅस्केट गेलं तर घाटातून खाली टोचन करूनच न्यावी लागते.

११. पावसात समोरची काच धुकट होते. कापडाने पुसून पुसून दमलो.

हा प्रश्न दर जूनमध्ये सगळ्यांत जास्त येतो, आणि बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक नसते. धुकं दोन प्रकारचं असतं. काचेवर आतून बोट फिरवून बघा.

बोटाची रेघ उमटली तर धुकं आतलं. माणसांचा श्वास, ओल्या छत्र्या आणि ओली पायपुसणी यांची वाफ गार काचेवर जमते. उपाय म्हणजे हवा काचेकडे वळवणारं बटण दाबा, एसी चालू ठेवा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्या. एसीचं खरं काम इथे हवा कोरडी करणं आहे, गारवा नकोसा असेल तर तापमान वाढवा. दोन मिनिटांत काच साफ.

रेघ उमटली नाही तर धुकं बाहेरचं. एसी तासभर १८ वर ठेवून तुम्ही काच गार केली आहे, आणि बाहेरच्या दमट हवेतलं पाणी तिच्यावर जमतं आहे, उन्हाळ्यात माठाला घाम येतो तसं. इथे एसी वाढवला तर धुकं वाढतं. तापमान चढवा, हवेचा झोत काचेवरून हटवा, एकदा वायपर मारा. कोकणात उतरताना घाटमाथा संपला की हेच होतं, आणि आतून पुसणारा माणूस काच पुसतच राहतो.

मुसळधार पावसात चारी इंडिकेटर लावून गाडी चालवायची पद्धत पडली आहे. कृपा करून नको. मागच्याला तुम्ही थांबलात की चालला आहात, डावीकडे वळणार की उजवीकडे, काहीच कळत नाही. हेडलाइट लावा, वेग कमी करा. चारी इंडिकेटर उभ्या गाडीसाठी.

१२. रस्त्यावर पाणी साचलं आहे. किती पाण्यातून गाडी जाईल? मध्येच बंद पडली तर?

चाकाच्या निम्म्याच्या वर पाणी असेल तर जाऊ नका. तळ दिसत नसेल किंवा पाणी वाहत असेल तर गुडघ्याखालच्या पाण्यातही नको. जायचंच असेल तर पहिला गियर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये गियर बदलायचा नाही, आणि पुढची गाडी पार झाल्यावरच आपण घुसायचं. समोरून येणारी बस लाट घेऊन येते, तिला आधी जाऊ द्या. बाहेर आल्यावर दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबून पॅड वाळवा.

गाडी पाण्यात बंद पडली तर सेल मारायचा नाही. पुन्हा सांगतो, सेल मारायचा नाही. इंजिन हवा दाबून चालतं. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेल्या गाडीचं बऱ्याचदा फारसं नुकसान झालेलं नसतं, पुढचा सेल ते करतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. महामार्गाखालच्या एका मोरीत माझी गाडी बंद पडली होती, मागे हॉर्न वाजत होते आणि मी तीन वेळा सेल मारला. तिसऱ्यांदा ‘ठक्’ असा एकच आवाज आला. त्या आवाजाचं बिल १ लाख ४० हजार झालं. गाडी न्यूट्रल करून ढकला, बॅटरीची वायर काढा, टोचन करून गॅरेजला न्या.

पाणी चढत असेल तर गाडीचा विचारच सोडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईत काही माणसं गाडीतच अडकून गुदमरून गेली. पट्टा सोडा, वीज चालू आहे तोवर काच खाली घ्या, खिडकीतून बाहेर पडा. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. काच फोडायची हातोडी डिकीत नव्हे, हाताशी ठेवा.

१३. पुरात गाडी बुडाली. विमा मिळेल ना?

फक्त थर्ड पार्टी असेल तर एक रुपयाही नाही. पूर्ण विम्यात पूर येतो, पण एक मेख आहे. पाण्यात शिरल्यावर इंजिन फिरवून झालेलं नुकसान कंपन्या ‘परिणामी नुकसान’ म्हणून नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं, झीरो डेप्रिसिएशनमध्ये (घसारा न कापता भरपाई देणाऱ्या कलमात) ते धरलेलं नसतं. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी तरी हे कलम घ्यावंच. गाडीला हात लावण्याआधी पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा आणि कंपनीला कळवा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते.

१४. विमा संपून दोन महिने झाले. नो क्लेम बोनस गेला का?

अजून नाही. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केलं तर बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) राहतो, मात्र कंपनी आधी गाडी तपासेल. पण या दोन महिन्यांत तुम्ही विनाविमा चालवत आहात. दंड पहिल्यांदा २ हजार, पुन्हा सापडलात तर ४ हजार. तो किरकोळ आहे. कुणाला धक्का लागला तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई घरातून द्यावी लागेल, ही खरी भीती.

बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जातो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घ्या, ते तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतं. बंपरला ओरखडा आला म्हणून ४ हजारांचा क्लेम करणाऱ्यांनी आधी बोनस किती बुडेल ते मोजावं.

१५. पोलिसांनी अडवल्यावर कोणते कागद लागतात? मोबाइलवर दाखवलं तर चालतं?

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद कायद्याने ग्राह्य आहेत. गॅलरीतला फोटो मात्र नाही. नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस ४ आणि बीएस ६ ला वर्षाची, त्याहून जुन्या गाडीला सहा महिन्यांची. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे.

लायसन्सच्या तारखेवर लक्ष ठेवा. संपल्यानंतर ३० दिवसांची जी सवलत होती ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. नूतनीकरण मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी.

१६. फास्टॅगचा वार्षिक पास घेतला, तरी पुण्याहून मुंबईला जाताना पैसे कापले. फसवणूक झाली का?

नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरता आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू राज्याच्या यंत्रणांचे आहेत, तिथे नेहमीसारखा टोल कापला जातो. पास एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी होईल ते. इथे ‘फेरी’ म्हणजे साधारणपणे एक नाका. साताऱ्याहून पुण्याला जाऊन-येऊन आणेवाडी आणि खेड शिवापूर मिळून चार फेऱ्या जातात, म्हणजे पन्नास वेळा पुणे. दर आठवड्याला जाणाऱ्याला उत्तम, वर्षातून सहा वेळा जाणाऱ्याने घेऊ नये. टॅगच नसेल किंवा बंद असेल तर राष्ट्रीय महामार्गावर रोखीत दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट, असा नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आला होता. मुंबईत शिरणाऱ्या पाच नाक्यांवर हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे.

१७. समृद्धीवरून नागपूरला जायचं आहे. वेगळी काय तयारी?

मुंबई ते नागपूर हा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, कारला ताशी १२० ची मर्यादा. मर्यादा म्हणजे लक्ष्य नव्हे. टायरची तारीख आणि हवा (प्र. २) निघण्याआधी बघाच, तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचा टायर तासन्‌तास वाकत राहून फुटतो. दुसरा धोका कंटाळ्याचा. सरळ रस्ता, वळण नाही, गाव नाही, डोळे उघडे ठेवून झोप लागते. दर दोन तासांनी उतरा, आणि पहाटे दोन ते पाच चालवूच नका.

१८. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं. आता?

सेल मारला नसेल तर नशीबवान आहात. चावीही फिरवू नका, काही गाड्यांत तेवढ्यानेच पंप सुरू होतो. पंपावर ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या. डिझेलच पंपाचं वंगण असतं, पेट्रोलने ते धुऊन जातं आणि लोखंडाचा कीस इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. दोन किलोमीटर चालवलीत तर खर्च हजारांवरून लाखाकडे जातो.

१९. गाडी दोन वर्षांपूर्वी विकली, चलनं अजून माझ्याच मोबाइलवर येतात.

कारण आरसीवर अजून तुमचंच नाव आहे. स्टॅम्प पेपरवरचा करार घरात ठेवायला ठीक, आरटीओच्या लेखी मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये सांगितलं आहे की गाडी किती हातांतून गेली तरी नोंदीतला मालकच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणजे चलन हा त्यातला सौम्य भाग.

विकणाऱ्याने नमुना २९ राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायचा. घेणाऱ्याने नमुना ३० सह ३० दिवसांत नाव लावायचं. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५. एजंटाकडे सह्या करून ‘तो करेल’ म्हणून सोडू नका, परिवहनच्या संकेतस्थळावर नाव बदललेलं स्वतः बघा. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला दिली असेल तर तो आरटीओचा अधिकृत विक्रेता आहे का विचारा आणि ताबा दिल्याचा नमुना २९सी भरून घ्या. घेणाऱ्यासाठीही एक सूचना. विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करा, नाहीतर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

२०. दिल्लीची आठ वर्षांची डिझेल एसयूव्ही इथल्यापेक्षा खूप स्वस्त मिळते आहे. घेऊ का?

स्वस्त का आहे ते आधी समजून घ्या. २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशापासून दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, पुढे न्यायालयात त्यात वरखाली होत राहिलं, पण तिथल्या मालकाची धास्ती गेलेली नाही. तो मुदतीआधीच विकतो. महाराष्ट्रात ती १० वर्षांची अट नाही.

पण किमतीत हे मिळवा. मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र), इथला वाहन कर (आपल्याकडे डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त दर आहे) आणि नव्या पासिंगचा खर्च. १५ वर्षं मूळ नोंदणीपासूनच मोजली जातात. एनओसी हातात येण्याआधी पूर्ण पैसे देऊ नका. ‘चालवा तशीच, कोण विचारतंय’ हा सल्ला घेऊ नका, दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. मीटरचा आकडा मानू नका, सर्व्हिसचा इतिहास काढा.

२१. पांढऱ्या पाटीची गाडी ओळखीच्यांना डिझेल आणि वर थोडे पैसे घेऊन देतो. त्यात काय बिघडलं?

अपघात होईपर्यंत काहीच नाही. झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि भाड्याने दिल्याचं सिद्ध झालं तर क्लेम नाकारते. भावाला, मित्राला फुकट दिली तर अडचण नाही, त्याचं लायसन्स चालू आहे एवढं बघा. लग्नाच्या मोसमात हे फार चालतं, म्हणून सांगितलं.

२२. रस्त्यात अपघात दिसला. मदत केली तर पोलिसांच्या मागे लागेल का?

नाही. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच कलम १३४अ आहे, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही नाही. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलिस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचारांची योजना आहे, रुग्णालयात ती आवर्जून विचारा. धक्का तुमच्याच गाडीचा असेल तर जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

२३. वडील गेले. गाडी त्यांच्या नावावर आहे, आईला दवाखान्यात न्यायला मी ती वापरतो. चालेल का?

चालेल, पण मुदतीत. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर वारस तीन महिने त्याच नावावर गाडी वापरू शकतो. तेवढ्यात नमुना ३१ भरून नाव लावायचं. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकी वारसांची ना हरकत लागते. त्यांनी आरसीवर नामनिर्देशित व्यक्ती लावली असेल तर काम सोपं होतं. ही सोय २०२१ पासून आहे आणि कुणीही तिचा वापर करत नाही, तुमच्या गाडीला आजच लावून टाका.

विमा कंपनीला लगेच कळवा. गाडीचा अपघात होऊन वडील गेले असतील तर मालक-चालक वैयक्तिक अपघात कवचाचे १५ लाख मिळू शकतात, बरीच घरं ते मागतच नाहीत. आणि फास्टॅग बघा. तो त्यांच्या बचत खात्याला जोडलेला असेल तर खातं गोठलं की टॅग बंद होतो, आणि ते कळतं ते आणेवाडीच्या नाक्यावर, मागे रांग लागल्यावर.